नावावर फक्त लायसन

मोटार अपघाताच्या दाव्यात ड्रायव्हर साक्षीला उभा राहिला की विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला प्रश्न अपघाताबद्दल नसतो. ब्रेक कधी दाबला, मोटारसायकल कुठल्या बाजूने आली, उजेड होता की अंधार, हे सगळं नंतर. आधी तो लायसनची झेरॉक्स पुढे करतो आणि विचारतो, "हे कधीपर्यंत चालू होतं?" सातारा आणि आसपासच्या कोर्टांत ही कामं करताना मी तिन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. कधी मयताच्या बायकोकडून, कधी ट्रकमालकाकडून, तर कधी फौजदारी खटल्यात ड्रायव्हरकडून. मी कुठल्याही बाजूला असले तरी या प्रश्नाला ड्रायव्हरचा आवाज खाली जातोच.

जाणारच. त्या एका तारखेवर बरंच काही ठरतं. लायसनची मुदत अपघाताच्या आदल्या आठवड्यात संपली असेल तर कंपनी म्हणते, पॉलिसीची अट मोडली, आम्ही देणं लागत नाही. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढून दिली. अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचं, त्यात मालकाचा हलगर्जीपणा दाखवायचा, आणि तो दाखवला तरी कोर्ट कंपनीला सांगू शकतं की वारसांचे पैसे आधी भर, मग मालकाकडून वसूल कर. विधवेच्या हातात पैसे पडतात, हे चांगलंच आहे. पण वसुलीची नोटीस आली की मालक ड्रायव्हरकडे वळतो. त्याच्याकडून घेण्यासारखं काही नसतं, म्हणून निदान गाडीची किल्ली काढून घेतो.

पूर्वी कायद्याने थोडी सवड ठेवली होती. मुदत संपली तरी लायसन आणखी ३० दिवस जिवंत धरलं जायचं. १ सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्ती लागू झाली आणि ते ३० दिवस गेले. बदल्यात व्यावसायिक लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येऊ लागला, आणि संपल्यावरही वर्षभरात केला तर परीक्षा द्यावी लागत नाही. वर्ष उलटलं की मात्र नवशिक्यासारखं पुन्हा मैदानात उतरायचं. कागदावर हा सौदा काही वाईट नाही. फक्त तो करताना ड्रायव्हर घरी कधी असतो, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. तो येतो गावच्या जत्रेला नाहीतर दिवाळीला. दिवाळीत ऑफिस बंद, आणि जत्रेत कोण आरटीओत जातो? टँकरवाल्याच्या मागे तर दोन तारखा असतात. ज्वलनशील किंवा घातक माल नेण्याची जी वेगळी नोंद लायसनवर असते तिची मुदत तीनच वर्षं. लायसन चालू आणि नोंद संपलेली, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आपण विनापरवाना टँकर चालवतोय हे पोलिसाने सांगितल्यावर कळतं.

ट्रकच्या धंद्यात गाडी मालकाची, खरं तर फायनान्स कंपनीची. माल व्यापाऱ्याचा. परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, फास्टॅग सगळं मालकाच्या नावावर. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, ड्रायव्हरचं नाव लिहितात ते माल घेऊन पळाला तर शोधायला सोपं जावं म्हणून. या अख्ख्या पसाऱ्यात त्याच्या एकट्याच्या नावावर असलेली वस्तू एकच, लायसन. ते मिळवायला त्याची तरुणपणाची काही वर्षं गेलेली असतात. आधी किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, म्हणून. ताडपत्री ओढायची, रस्से आवळायचे, टायर ठोकून हवा बघायची, उस्ताद रिव्हर्स घेत असला की मागे उभं राहून "आन् दे, आन् दे" ओरडायचं. मग हलक्या वाहनाचं लायसन, त्यावर किमान एक वर्ष, वयाची २० पूर्ण, आणि मग हेवी. २०१९ पर्यंत आठवी पासची अटही होती. ती काढली ते बरं झालं असं मला वाटतं. आठवीच्या दाखल्याने घाटात कुणाचे प्राण वाचल्याचं मी ऐकलेलं नाही, खोट्या दाखल्यांचा धंदा मात्र बघितला आहे.

अशा माणसाचं लायसन जातं कसं? बाहेरच्या लोकांना वाटतं दारू पिऊन चालवली, माणूस मारला, लायसन गेलं. तसंही जातं. पण माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं याहून किरकोळ असतात, आणि किरकोळ असल्यामुळेच ड्रायव्हरला ती पटत नाहीत.

माणदेशातला एकजण आला होता. रिकामा आयशर टेम्पो घेऊन गावाकडे आलेला, तेवढ्यात भावकीतलं कुणी वारलं. माती दुसऱ्या तालुक्यात. हौद्यात सतरंज्या टाकल्या, पंधरा-वीस माणसं बसवली आणि निघाला. वाटेत अडवलं. चलन झालं, लायसन ताब्यात घेतलं, पावती दिली, आणि पुढे आरटीओतून तीन महिन्यांच्या निलंबनाचा आदेश आला. माझ्यासमोर बसून तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मयताला न्हेली मॅडम, लग्नाला न्हाय." त्याच्या हिशेबात वऱ्हाड नेणं हा गुन्हा, कारण त्याचे पैसे मिळतात. मातीला माणसं नेणं हे गावकीचं काम. कायद्याला हा फरक कळत नाही.

कळूही नये, असं मला वाटतं. मालवाहू गाडीचा हौदा माणसांसाठी नसतो. टेम्पो उलटून एकाच घरातली तीन-तीन माणसं गेल्याचे दावे मी चालवले आहेत. शिवाय मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच ठरवून टाकलंय. म्हणजे मातीला निघालेला तो टेम्पो खंबाटकी घाटात पलटी झाला असता तर भावकीचा दावा थेट गाडीमालकाच्या घरावर गेला असता. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर हाय. पण तीन महिने?"

त्या तीन महिन्यांचा उगम असा. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना कळवलं की सहा गोष्टींसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करा: अतिवेग, लाल सिग्नल तोडणं, जादा माल, मालगाडीत माणसं, दारू, आणि चालवताना मोबाइल. अधिकार त्याआधीपासून होताच. मोटार वाहन कायद्याचं कलम १९ आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम २१. हा नियम २१ एकदा वाचण्यासारखा आहे. वाहनचोरी, गाडीतल्या मालाची चोरी, प्रवाशाला मारहाण, प्रवाशाचं अपहरण, आणि त्याच यादीत प्रवासी गाडी चालवताना धूम्रपान, स्टिअरिंगवर ताबा राहणार नाही असं कुणाला शेजारी बसवणं, रस्त्यात गाडी सोडून जाणं. अपहरण आणि विडी एका ओळीत. ज्याने कुणी ही यादी केली त्याने कधीतरी एसटीच्या थांब्यावर बराच वेळ काढला असावा.

माणदेशातल्या माझ्या पक्षकाराच्या आदेशात आणखी एक गंमत होती. कलम १९ म्हणतं की "सर्व किंवा कोणत्याही" वर्गाच्या वाहनांसाठी अपात्र ठरवता येतं. म्हणजे अधिकारी मनात आणेल तर फक्त मालवाहू गाडीपुरतं थांबवू शकतो. आदेशात सरसकट सगळंच होतं, मोटारसायकलसकट. बस सकाळ-संध्याकाळ येते अशा गावात राहणाऱ्या माणसाने तीन महिने मोटारसायकलही चालवायची नाही. आम्ही ३० दिवसांच्या आत अपील केलं, एवढाच मुद्दा घेऊन. अपिलाची सुनावणी लागेपर्यंत तीन महिने संपले होते. अपील निष्फळ म्हणून निकाली निघालं. निकालाची प्रत मी त्याला दिली तेव्हा त्याने ती घडी घालून लायसनच्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली. मधल्या काळात त्या टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर बसला होता. तो उतरायला तयार नव्हता आणि मालकालाही त्याला उतरवायचं नव्हतं.

निलंबन चालू असताना गाडी चालवली तर कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लोक तरीही चालवतात. पूर्वी तर बिनधास्त चालवायचे, कारण खिशात दुसऱ्या जिल्ह्याचं नाहीतर परराज्याचं दुसरं लायसन असायचं. एका माणसाला एकच लायसन हा नियम जुना, पण वह्यांच्या जमान्यात ताडून कोण बघणार? आता 'सारथी' या लायसनच्या सरकारी संगणक प्रणालीतल्या नोंदी देशभर एकत्र दिसतात. एका ठिकाणी निलंबित म्हणजे सगळीकडे निलंबित. मला हा बदल मनापासून आवडतो. खोट्या आणि दुबार लायसनांनी विधवांचे दावे किती वर्षं लटकवले ते मी पाहिलंय.

पण नोंदी एकत्र झाल्या तरी नोटीस अजून जुन्याच पत्त्यावर जाते. कायदा सांगतो की लायसन निलंबित करण्याआधी माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्या आणि कारणं लेखी नोंदवा. म्हणून 'कारणे दाखवा' नोटीस निघते, लायसनवरच्या पत्त्यावर. तो पत्ता बहुतेक वेळा आईवडिलांच्या घराचा असतो. ड्रायव्हर त्या वेळी हुबळीला माल उतरवत असतो नाहीतर गुजरातेत भरायला रांगेत उभा असतो. घरी म्हातारी सही करून पाकीट घेते आणि देवघरात ठेवते, सरकारी कागद म्हणून. ठरल्या तारखेला कुणी हजर राहत नाही. आदेशात वाक्य येतं: "संधी देऊनही परवानाधारक हजर राहिला नाही." शब्दाने शब्द खरं आहे. एका प्रकरणात तर निलंबनाचा काळ सुरू होऊन निम्मा संपल्यावर माणसाला त्याचा पत्ता लागला, तोही पुढच्या नाक्यावर लायसन तपासलं तेव्हा. त्याने आपल्या माहितीप्रमाणे इमानेइतबारे गाडी चालवली होती आणि कायद्याच्या दृष्टीने दीड महिना गुन्हा केला होता.

ई-चलनाची तऱ्हा उलटी. त्याचा मेसेज जातो मालकाच्या मोबाइलवर, कारण कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, चेहरा नाही. चालवत कोण होतं ते सांगायची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे मालकावर. काही मालक दंड भरून मोकळे होतात आणि महिन्याच्या हिशेबात वळता करतात. काही जण ड्रायव्हरचं नाव देतात. सोडून गेलेल्या ड्रायव्हरचं नाव दिल्याचीही उदाहरणं आहेत, आणि ते सिद्ध करणं त्या ड्रायव्हरला कुठून जमणार? जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध संप केला तेव्हा दंडाच्या रकमांवर बरंच बोललं गेलं. लायसन कुणाच्या नावाने खर्ची पडतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. संप मालकांचा होता.

जादा मालाचं तसंच. गाडीत किती टन भरायचा हे ड्रायव्हर ठरवत नाही. ठरवतो माल पाठवणारा, आणि मालक मान हलवतो. नदीतली वाळू, क्रशरची खडी, गाळपाच्या हंगामात ऊस. काट्यावर वजन होतं, पावती निघते, सगळ्यांना आकडा माहीत असतो. २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली, तीन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. कुणाला वाटलं असेल की आता ओव्हरलोड थांबेल. धंदा वाढलेल्या मर्यादेपासून पुढे मोजायला लागला. २०१९ नंतर दंड घसघशीत झाला आहे, २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि तो चालवणाऱ्याप्रमाणे चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. मालकाचं परमिटही कलम ८६ खाली निलंबित करता येतं. पण परमिट गेलं तर गाडी उभी राहते, हप्ता थकतो, दहा लोक रदबदलीला येतात. लायसन गेलं तर फक्त माणूस बदलतो. सोपं काय पडतं ते सांगायला वकील लागत नाही.

हे सगळं लिहिताना मी ड्रायव्हरच्या बाजूची वाटेन. म्हणून नवले पुलाबद्दल लिहिते.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे उतरताना लांबलचक उतार लागतो, आणि त्याच्या पायथ्याशी शहराची वाहतूक. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या. प्राथमिक तपासात पुढे आलं की उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. डिझेल वाचवायला. इंजिन बंद म्हणजे इंजिनाची ओढ गेली आणि ब्रेकला लागणाऱ्या हवेचा पुरवठा थांबला. दोन-चार वेळा पाय दाबला की टाकीतली हवा संपते, मग पेडल नुसतं खाली जातं. हे प्रत्येक उस्तादाला ठाऊक असतं. तरी न्यूट्रल मारतात, कारण खेपेला डिझेल ठरवून दिलेलं असतं आणि वाचलेलं ड्रायव्हरचं. मालकाने ही पद्धत काटकसरीसाठी लावली असेल, पण ती उतारावर माणसाला रोज थोडी लाच देते. तरीसुद्धा न्यूट्रल टाकणारा हात ड्रायव्हरचाच असतो. बारामाही भरलेला रस्ता खाली दिसत असताना कुणी इंजिन बंद करत असेल तर त्याचं लायसन तीन महिने नव्हे, कायमचं गेलं तरी मला झोप येईल. अशा प्रकरणात मी वकीलपत्र घेत नाही. घेऊ नये असं नाही, प्रत्येकाला वकील मिळायलाच हवा. तो दुसरा कुणी असावा.

दारूबद्दल फार लिहायचं कारण नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं आणि शिक्षा झाली तर कोर्टाला किमान सहा महिने अपात्र ठरवावंच लागतं, कलम २० तसं सांगतं. ठीकच आहे.

मला अडकवतं ते कलम १३४. अपघात झाला की ड्रायव्हरने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना खबर द्यायची. नाही केलं आणि दोषी ठरला तर लायसन किमान महिनाभर गेलंच. यात वावगं काही नाही. पण त्याच कलमात कंसासारखी एक सूट आहे: जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की अपघातानंतर पहिल्या पाच मिनिटांत रस्त्यावर काय होतं. कुणाची चूक हे नंतर. मोठ्या गाडीवाल्याला आधी खाली ओढतात.

उलटतपासात मी स्वतः ड्रायव्हरला विचारलंय, "तू पळून का गेलास?" मयताच्या बाजूने उभी असताना हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो चांगला बसतो. माणूस गप्प राहतो, न्यायाधीश वर बघतात. एकदा एकाने उत्तर दिलं, "साहेब, पळालो न्हाय, पुढच्या पोलीस चौकीत गेलो." खरं होतं, चौकीतली नोंद कागदात होती. गाडी तिथेच ठेवून, दीड-दोन किलोमीटर उसातून चालत. त्याला पळणं म्हणायचं की खबर देणं? लायसनवर निर्णय घेणाऱ्याने त्या नोंदीची वेळ बघितली तर खबर, गाडीच्या पंचनाम्यात "चालक घटनास्थळी मिळून आला नाही" एवढंच वाचलं तर पळणं.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकवाले रस्त्यावर उतरले ते याच धाकाने. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये बेदरकार चालवून कुणाचा जीव घेऊन न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांना ट्रक ड्रायव्हर नावाचा माणूस पहिल्यांदा आठवला. सरकारने वाहतूकदारांशी बोलणी केली, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं. तरुण ड्रायव्हर अजून विचारतात, "ते धा वर्षाचं आलं का हो?" त्यांना कायद्याची बाकीची कलमं तोंडपाठ नसतात, हा एक आकडा तेवढा असतो.

आता डोळे. याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं.

व्यावसायिक लायसनला डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. त्यात डॉक्टरने लिहायचं की या माणसाला लखलखीत उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, चष्मा असेल तर चष्म्यासह. लाल-हिरवा ओळखतो का. रातांधळेपणा आहे का. ऐकू येतं का. प्रश्न चांगले आहेत. पण दाखला पाच वर्षांतून एकदा लागतो आणि कुठल्या परिस्थितीत मिळतो हे आरटीओच्या रस्त्यावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. डॉक्टरसमोर न जाताही तो मिळाल्याचे किस्से मी साक्षीपुराव्यात ऐकले आहेत. नंबरप्लेट २५ मीटरवर असायला हवी, ती एजंटच्या टेबलावर असते.

आणि पाच वर्षं म्हणजे चाळिशीनंतरच्या माणसाला पुष्कळ. साखर वाढते, मोतीबिंदू धरतो, रात्री समोरच्याने अपर, म्हणजे दिव्यांचा मोठा झोत, मारला की दोन सेकंद पांढरं दिसतं. कलम १६ प्रमाणे आजार किंवा अपंगत्वामुळे माणूस गाडी चालवायला अयोग्य वाटला तर मधेच नवा दाखला मागता येतो, लायसन रद्दही करता येतं. पण कुणाला वाटणार? मालक डोळे बघत नाही, हिशेब बघतो. नाक्यावरचा पोलीस कागद बघतो. ड्रायव्हर स्वतः सांगणार नाही, कारण सांगितलं तर एकुलती एक नावावरची वस्तू जाते. घरच्यांनाही सांगत नाही. चष्मा लावला तर मालक म्हणेल म्हातारा झाला, म्हणून केबिनमधल्या गणपतीच्या मागे चष्मा ठेवतात आणि आरटीओत जाताना काढतात.

तीन महिन्यांच्या निलंबनावर ज्या तत्परतेने आदेश निघतात त्याच्या निम्म्या तत्परतेने कुणी या लोकांचे डोळे तपासले तर माझ्याकडे येणारे दावे कमी होतील असं मला वाटतं. हे आकड्यांवरून म्हणत नाही, फायलींवरून म्हणते. "अचानक समोर आला", "दिसलाच नाही", "मागचा दिवा नव्हता" ही वाक्यं बचावाची म्हणून आम्ही वकील हसण्यावारी नेतो. त्यातली काही खरी असावीत. उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता हेही खरं, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यावर पडदा होता हेही. रिफ्लेक्टर पंचनाम्यात येतो. पडदा येत नाही.

महामार्गावर कधीमधी ट्रक टर्मिनलला नेत्रतपासणीची शिबिरं भरतात. तिथे चष्मा फुकट मिळतो, तरी रांग लहान असते. एका शिबिरात मी कायद्याची माहिती द्यायला गेले होते. खंडाळ्याकडचा पन्नाशीतला एकजण बराच वेळ लांबून बघत होता. जवळ येऊन विचारलं, "तपासलं आणि खराब निघालं, तर हे लोक आरटीओला कळवत्यात का?" नाही कळवत, म्हटल्यावर बसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पिकलेला. शस्त्रक्रिया करून घेतली, महिना-दीड महिना घरी राहिला, लायसनची मुदत संपत आली होती तर नव्या चष्म्यासह खऱ्या डॉक्टरकडून खरा दाखला घेऊन पाच वर्षांचं करून घेतलं. कायद्याला त्याच्याबद्दल आता काही म्हणायचं नाही. त्याला स्वतःला म्हणायचं होतं. रात्री समोरचे दिवे अजून फुटल्यासारखे दिसतात, म्हणाला. लायसनवर 'फक्त दिवसा' असं काही लिहून मिळतं का, हे विचारायला तो मुद्दाम कोर्टात आला. नाही मिळत. मग त्याने मालकाला सांगून टाकलं, रात्रीची लाइन नको.

परवा त्याचा फोन आला. शिरवळ-चाकण लोकल मिळाली आहे, सकाळी भरून संध्याकाळी रिकामी परत. पगार तीन हजारांनी कमी केला आणि भत्ता बंद.

"तुम्ही एकदा मालकाशी बोलून बघता का मॅडम?"

मी म्हटलं, मालक माझा पक्षकार नाही, मी कुठल्या नात्याने बोलू?

"त्याच्या दुसऱ्या गाडीची केस हाय की वडूजच्या कोर्टात. त्येच्याकडून वकीलपत्र घ्या, आन् मग बोला."